सातव्या पोराची मोहर

चोर तुम्ही आहात. ओटिलिया हॉयब्लाइन चोर नाही.

तुमचा हुकूम आमच्या चर्चच्या दाराला चार खिळे मारून लावलाय. गावातल्या ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचला, ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवला. या बाईनं सरकारांच्या चेहऱ्याची विटंबना केली, आणि अवघ्या पाचच पाडलेल्या मोहरांपैकी एक नष्ट केली, असं तुम्ही लिहिलंत. एक मोहर गेली तर दोन हात लांबीचा हुकूम निघाला, वर लाखेचा शिक्का. तिचा पोरगा गेला तेव्हा तुमच्याकडून एक ओळ आली होती. तीही अकरा नावांच्या मध्ये कोंबलेली, आणि त्यात आडनाव चुकलेलं.

आता पहिल्यापासून सांगतो. म्हणजे नंतर ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची सोय तुम्हाला उरणार नाही.

ओटिलियाचा नवरा मेल्कियोर आमच्या नदीत सोनं धुवायचा. मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहायचं, तिरक्या फळीवर वाळू ओतायची, वरून पाणी सोडायचं, आणि फळीवर ठोकलेल्या घोंगडीच्या केसांत जे कण अडकतील ते दिवस मावळायच्या आत टिपायचे. चौदा माणसं वर्षभर अशी गारठून घ्यायची तेव्हा अंड्याच्या टरफलात मावेल इतकं सोनं निघायचं. ते सगळं तुमच्याकडे जायचं. खोकला मात्र धुणाऱ्यांकडे राहायचा.

मेल्कियोर आणि ओटिलियाला ओळीनं सात मुलगे झाले. मध्ये एकही मुलगी नाही. आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून रीत आहे: ओळीनं सातवा मुलगा झाला की त्याचा धर्मबाप खुद्द ड्यूक, म्हणजे आता तुम्ही. त्या वर्षी तुमच्या मनात आलं की अशा पोरांसाठी आपल्याच नदीच्या सोन्याची मोहर पाडावी. सोनं होतं तेवढ्यात पाच मोहरा झाल्या. एका बाजूला तुमचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एका ओळीत सात रोपटी आणि खाली नदी. पाचांतली एक आमच्या गावात आली.

तुम्ही काही आला नाहीत. तुमचा वनाधिकारी आला. कुत्र्यांचा वास मारणारे बूट घालून तो बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभा राहिला, सरकारांच्या वतीनं पोराला हातावर घेतलं, मोहर उंच धरून सगळ्यांना दाखवली. पोराचं नावही धर्मबापाचंच ठेवलं, फिलिप. पाद्रीबाबांनी नोंदवहीत ‘धर्मपिता’ या शब्दापुढे तुमचं नाव लिहिलं. इतक्या मोठ्या अक्षरांत, की शेजारी पोराच्या बापाचं नाव मुंगीसारखं दिसत होतं.

सुईणीनं मोहर तांबड्या कागदात गुंडाळली, दोऱ्याची गाठ मारली आणि पोराच्या दुपट्यात डाव्या अंगाला बांधली. याला आम्ही बांधणी म्हणतो. धर्मबापानं किंवा धर्मआईनं दिलेलं नाणं असं बांधायचं आणि ती गाठ पोराच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सोडायची. त्या पैशाचे लग्नाचे बूट. आधी सोडली, तर नाण्याबरोबर पोराचं नशीबही सुटलं म्हणून समजा.

“ओटिली,” सुईण गाठ ओढत म्हणाली, “आता मरण जरी आलं ना तरी दारात टोपी काढून विचारेल, आत येऊ का म्हणून.”

सगळे हसले. ओटिलिया हसली नाही. तिनं ते खरं मानलं.

पोराला घरात लिप्स म्हणायचे. लिप्सच्या पाठीवर मग एक मुलगी झाली, रोझीना, घरची रोझल. थोरल्या सहांपैकी चौघं एकाच हिवाळ्यात देवीनं गेली. दोघं सुतारकाम शिकायला परमुलखात गेली ती तिकडचीच झाली. मेल्कियोर खोकत खोकत गेला. लिप्स बारा वर्षांचा आणि रोझीना आठ वर्षांची असताना लागोपाठ दोन वर्षं पिकं शेतात उभ्या उभ्या सडली, आणि तो दुष्काळ पडला.

त्या दुष्काळाबद्दल तुमच्या दफ्तरात काय लिहिलंय मला माहीत नाही. आमच्याकडे लोकांनी पावात लाकडाचा भुसा मिसळला. आधी गुरं खाल्ली, मग गुरांचं कातडं उकळलं. गिरणीवाला एकदा स्वतः ओटिलियाच्या दारात आला.

“दोन पोती पीठ देतो, ओटिली. वर कोंड्याचं एक. ती मोहर दे.”

“बांधणीची आहे ती.”

“अगं बाई, बांधणी काय चाटून खाणार आहेस?”

“लिप्सचा जीव बांधलाय त्यात.”

“आणि त्याचं पोट? ते कशात बांधलंय?”

तिनं दार लावून घेतलं. शेजारची श्टिना मागच्या दारानं आत आली. श्टिना म्हणजे रोझीनाची धर्मआई. तिनं ओटिलियाचे दोन्ही खांदे धरले. “अगं, तोंड बघ त्या पोरीचं. मोड ना ते नाणं.”

“मोडलं तर लिप्स जाईल.”

“नाही मोडलं तर रोझल जाईल.”

“मग कुणाला जाऊ देऊ? तू सांग, श्टिना. तू सांगशील ते करते. सांग!”

श्टिनानं तिचे खांदे सोडले. सांगणार कोण? आज हसणं सोपं आहे. पण तुमचाच वनाधिकारी कुंडापाशी उभा राहून म्हणाला होता ना, की या बालकाचा भार आजपासून सरकारांच्या शिरावर? बाईनं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तिचा मूर्खपणा म्हणायचा तर हाच.

बर्फ वितळायला लागलं त्या आठवड्यात रोझीनानं अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाली, “आई, तो सोन्याचा माणूस दाखव ना.”

ओटिलियानं पेटीतून पुडी काढली. गाठ सोडली नाही. पोरीच्या हातात तशीच कागदासकट दिली. रोझीनानं कागदावरून बोट फिरवलं. “नाक लागतंय,” म्हणाली आणि हसली. “मोठंय गं नाक!”

दोन दिवसांनी ती गेली.

आमच्याकडे लग्न न होता कुणी गेलं की त्याला मुकुट द्यावा लागतो. जे लग्न झालं नाही त्याचं ते बाशिंग. तारेचा सांगाडा, त्यावर फुलं, मणी, जरी, ज्याला जे जमेल ते. शवपेटीवर ठेवून चर्चपर्यंत न्यायचा, मग चर्चच्या भिंतीवर नावाच्या पाटीखाली खुंटीला लावायचा. आणि तो आईबापानं द्यायचा नसतो. धर्मबापानं किंवा धर्मआईनं द्यायचा. ज्यानं बाप्तिस्म्याला हातावर घेतलं, त्यानंच डोक्यावर मुकुट ठेवून पोचवायचं. मुकुट नाही लागला तर ते लेकरू तिकडे वर वऱ्हाडाच्या दारात ताटकळत उभं राहतं, कुणी आत घेत नाही, असं म्हणतात. पाद्रीबाबांना हे मान्य नाही. पण स्वतःची धर्मपोरगी गेली तेव्हा त्यांनीही मुकुट आणला होता.

श्टिनाच्या घरात तेव्हा मांजरसुद्धा उरलं नव्हतं. तिनं झाडूची तार काढली. मेलेल्या नवऱ्यानं पाठवलेली पत्रं फाडून त्यांची फुलं केली, आणि अंड्याच्या जुन्या टरफलांचे तुकडे गोंदानं डकवले. फुलं एका बाजूला कलली. “बाई, कशाला केलंस एवढं?” ओटिलियानं विचारलं, तेव्हा म्हणाली, “धर्मआई मी आहे ना? मग मी नाही तर कोण आणणार?”

हे वाक्य पुन्हा वाचा. ज्या बाईच्या चुलीत राख नव्हती ती हे बोलली.

लिप्स अठराचा झाला. आणि त्या वर्षी तुम्ही समुद्रापलीकडच्या लढाईसाठी एका परक्या राजाला आमची सहाशे पोरं भाड्यानं दिलीत. घोडे भाड्यानं देताना माणूस निदान नाल बघून घेतो. आमच्यात कुणाचे बूट धड आहेत हेही कुणी बघितलं नाही. बिनलग्नाच्या धडधाकट पोरांची यादी वनाधिकाऱ्यानं केली. ज्या हातांनी लिप्सला कुंडावर धरलं होतं त्याच हातांनी त्याचं नाव लिहिलं.

निघायच्या सकाळी लिप्स कुंपणाशी उभा राहून आईला म्हणाला, “आई, नाणं मोड आता. दोन शेळ्या घे. मी येईपर्यंत दूध तरी पिशील.”

“तू आलास की लग्नाचे बूट घेऊ त्याचे.”

“एका मोहरेचे बूट? अगं, अख्खं गाव नवे बूट घालून नाचेल!”

“नाचू दे.”

“आणि नवरी?”

“ती तू बघ. मी बूट बघते.”

तो हसला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, “आई, माझ्या धर्मबापानं मला एकदा तरी बघितलंय का गं?”

“बघितलं नसलं म्हणून काय झालं? स्वतःच्या धर्मपोराच्या केसाला धक्का लागू देईल का तो?”

“बरं,” लिप्स म्हणाला, “मग मी त्याला ओळख सांगेन. नाक मोठंय म्हणून रोझलनं कळवलंय.” आणि ढोल वाजला.

चौदा महिन्यांनी रविवारी पाद्रीबाबांनी यादी वाचली. सातव्या ओळीत लिप्स होता. लढाईत नाही, जहाजावर तापानं गेला. किनारा दिसायच्या आधीच. गोणीत शिवून पाण्यात सोडला.

ओटिलिया उठून सरळ घरी गेली. श्टिना मागोमाग धावली. ओटिलियानं पेटी उपसून पुडी बाहेर काढली होती आणि ती श्टिनाच्या डोळ्यांपुढे धरत होती.

“बघ. गाठ तशीच आहे.”

“तशीच आहे गं.”

“नीट बघ ना. मी हात लावला नाही. दुष्काळात नाही, कधीच नाही. बघ, दोरासुद्धा तोच आहे सुईणीचा.”

“तोच आहे, ओटिली.”

“मग?”

श्टिना तिच्याजवळ जमिनीवर बसली, संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

प्रेत नाही, पेटी नाही, खड्डा नाही. राहता राहिला मुकुट. तेवढा भिंतीवर लागला की लिप्स आत गेला, हे ओटिलियाच्या मनानं धरलं. तिसऱ्या दिवशी ती पाद्रीबाबांकडे गेली.

“मुकुट कोण आणणार, पाद्रीबाबा?”

पाद्रीबाबांनी नोंदवही उघडली आणि ती मोठी अक्षरं बघून चष्मा काढला. “ओटिली, अडचण आहे बघ.”

“श्टिना करते म्हणतेय. फुलं, तार, सगळं आहे तिच्याकडे.”

“श्टिना कशी करेल? वहीत सरकारांचं नाव आहे. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी मुकुट दिला तर त्याचा अर्थ काय होतो? की सरकार कर्तव्याला चुकले. माझ्या चर्चमध्ये, माझ्या समोर. मला नोकरी आहे, बायको आहे.”

“मग सरकारांना कळवा.”

“कळवतो.”

त्यांनी कळवलं. एकदा नाही, तीनदा. तीन ऋतू गेले. रोझीनाच्या मुकुटाशेजारी लिप्सची पाटी लागली होती, खाली खुंटी तशीच. गावातली माणसं काही वाईट नाहीत, पण तोंडं माणसांचीच. “काय ओटिली, येतोय का गं तुझ्या पोराचा धर्मबाप?” असं विहिरीवर कुणीतरी बोललंच. “सोनेरी रथ पुलावरून मावायचा नाही म्हणून थांबला असेल,” दुसरी म्हणाली. ओटिलिया बादली घेऊन निघून गेली. वसंतात तिनं पुडी चोळीत खोचली, पाठीला पाव बांधला आणि दोन दिवस चालून तुमच्या दारात आली.

तुमच्या कचेरीत तिला सकाळपासून दुपारपर्यंत उभं केलं. मग कारकुनानं वर न बघताच विचारलं, “काय हवंय?”

“मुकुट, साहेब.”

“काय?”

“माझ्या लिप्सचा मुकुट. त्याचे धर्मबाप—”

“अहो, ऐकलंत का?” कारकून शेजारच्याला ओरडला. “हिला मुकुट हवाय! मग सिंहासन कधी न्यायला येणार, बाई? हातगाडी आणलीय ना?”

सगळे खदाखदा हसले. ती उभी राहिली. हसून झालं तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेच शब्द, तोच आवाज. सातवा मुलगा, बांधणी, मोहर. मोहर म्हणताच आतल्या खोलीतून एक म्हातारा साहेब बाहेर आला.

“कुठली मोहर? सात रोपट्यांची?”

“होय, साहेब.”

“नदीच्या सोन्याची? खाली नदी आहे?”

“होय.”

त्या साहेबानं तिला खुर्ची दिली. पाणी मागवलं. दोन दिवसांत तिच्याशी माणसासारखं वागलेला तो पहिलाच, म्हणून तिचे डोळे भरून आले.

“बाई, जपून ठेवलीय ना ती?”

“जिवापाड, साहेब. गाठसुद्धा सोडली नाही. दुष्काळात मुलगी गेली, तरी नाही सोडली.”

“वा! वा!” साहेबानं टाळीच वाजवली. “म्हणजे अगदी कोरी. एक ओरखडा नसणार. अहो, सरकारांच्या नाणेसंग्रहात नेमकी तीच एक नाहीये! बाकीच्या चार लोकांनी मोडून खाल्ल्या, वितळवल्या, काय काय केलं. अडाणी लोक. तुम्ही मात्र, बाई, कमाल केलीत.”

तुमच्या दफ्तरात हे नसेल. ओटिलियानं मला जसंच्या तसं सांगितलं, टाळीसकट. तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या तिला काय कळलं असेल? रोझीना दोन पोती पिठावाचून गेली आणि या माणसानं त्याला टाळी दिली. बाकी चार पोरांच्या आयांनी मोहर मोडून लेकरांना पाव घातला, त्या अडाणी.

साहेबानं तिथल्या तिथे कागद लिहवून घेतला. सरकारांनी धर्मपिता होणं ही कृपा आहे, तिच्यातून कसलंही कर्तव्य उद्भवत नाही. धर्मपुत्र लग्नावाचून वारला, सबब बांधणीचं प्रयोजन संपलं. मोहर तीस दिवसांत वनाधिकाऱ्याकडे जमा करावी. तिच्या वजनाचा पैसा मिळेल.

“आणि मुकुट?” ओटिलियानं विचारलं.

“त्याचा इथे संबंध नाही. मोहर आत्ता आणलीय का बरोबर?”

“घरी पेटीत आहे,” ती म्हणाली. पुडी चोळीत टोचत होती.

“पुढचा कोण?” कारकून ओरडला.

ती गावाकडे वळली नाही. तुमच्या हद्दीच्या बाहेर, नदीच्या पल्याडच्या शहरात एक वर्ख कुटणारा मेस्त्री आहे. त्याचं नाव तुम्हाला हवंय. ते ओटिलियानं दिलं नाही, मीही देणार नाही. त्या गल्लीत शिरलं की घणाचे ठोके लांबूनच ऐकू येतात. ओटिलियानं पुडी त्याच्या ओट्यावर ठेवली. गाठ बोटांनी सुटेना, अठरा-वीस वर्षांत दोरा कागदात रुतला होता. तिनं दातांनी तोडली.

मेस्त्रीनं मोहर उलटसुलट केली, हात पुसले आणि पुन्हा बघितली. “बाई, हे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?”

“माझ्या पोराची बांधणी.”

“हे विकलंत तर घर होईल.”

“घर आहे मला. त्यात कुणी नाही. याचा वर्ख कुटा.”

“राज्यकर्त्याचा चेहरा मुशीत घातला तर हात तोडतात, बाई. पलीकडच्याचा असला म्हणून काय? उद्या इकडचा राजा पाहुणा म्हणून त्याच्याकडे जेवायला जातो.”

“मग मला घण द्या. मी कुटते.”

“घणानं नुसतं नाही कुटता येत,” मेस्त्री वैतागून म्हणाला. “वर्ख म्हणजे काय धुणं आहे? कशाला हवाय पण?”

तिनं सांगितलं. सगळं नाही, फक्त एवढंच: मुकुट धर्मबापानंच द्यायचा असतो, आणि धर्मबाप देत नाही, पण हे सोनं धर्मबापाचंच आहे. आता हे सोनं मुकुटाला लागलं तर मुकुट कुणी दिला?

मेस्त्रीनं भट्टीतले निखारे फुंकले. मग ती मोहर त्यानं चिमट्यात धरली. “त्यानंच दिला,” तो म्हणाला. “कुठलाही पाद्री नाही म्हणू शकणार नाही. तोंड तिकडे करा, बाई. चेहरा वितळताना बघू नका, उगाच मनात राहतं.”

तिनं तोंड फिरवलं नाही. आधी नाक गेलं.

दोन दिवस मेस्त्री कुटत होता. सोन्याची पट्टी केली, तिचे तुकडे, तुकड्यांवर कातड्याचे पापुद्रे, त्यावर घण. पुन्हा कापायचे, पुन्हा पापुद्र्यांत घालायचे, पुन्हा घण. ओटिलियानं दुकान झाडलं, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पापुद्रा उचलून दाखवला. सोन्याचं पान श्वासानं हललं. अशी पानं त्यानं शंभरावर मोजली आणि आणखी होतीच.

“एवढीशी मोहर,” ओटिलिया म्हणाली. “आणि एवढं?”

“चांगलं सोनं ताणेल तितकं ताणतं.”

“मेस्त्री, दोन पोती पीठ पुरवून खाल्लं तर किती दिवस जातं?”

“काय?”

“काही नाही.”

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि रडली. लिप्सची यादी वाचली तेव्हा रडली नव्हती. तेव्हा गाठीकडे बघत राहिली होती. आता रोझीनासाठी रडली. आठ वर्षांची पोर, कागदावरून बोट फिरवून हसलेली. घण आत पडत होता. मेस्त्री मुद्दाम जोरात मारत होता, गल्लीतल्या लोकांना हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

मुकुट ओटिलियाच्या घरात झाला. सांगाडा आणि फुलं श्टिनाची, वर्ख ओटिलियानं लावला, खिडक्या बंद करून, श्वास धरून. श्टिना म्हणाली, “ओटिली, तुला पकडून नेतील.”

“नेतील.”

“मग?”

“मग लिप्स वऱ्हाडात आत असेल. मी बाहेर असले तर असले.”

आमच्या चर्चमध्ये वरच्या सज्जात तुमची बैठक आहे. मखमलीची, काचेची. सत्तर वर्षांत तिच्यावर कुणी बसलेलं नाही, धूळ मात्र दर शनिवारी झाडावी लागते. त्या रविवारी पाद्रीबाबांनी वर बघितलं तर तुमच्या मखमलीवर सोन्याचा मुकुट ठेवलेला. सगळं गाव वर बघत होतं.

“हा कुणी आणला?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“जिथे ठेवलाय, तिथल्या धन्यानं,” ओटिलिया बसल्या जागेवरून म्हणाली. “सोनं त्यांचं आहे. विचारा त्यांना.”

पाद्रीबाबा त्या मुकुटाकडे बघत राहिले. घाबरट माणूस आहे तो, मी नेहमीच म्हणतो. पण त्या दिवशी त्यांनी वरती जाऊन स्वतःच्या हातांनी मुकुट खाली आणला आणि मोठ्यानं जाहीर केलं, “फिलिप हॉयब्लाइन याला, त्याच्या धर्मपित्याकडून.” मग खुंटीला लावला. लग्नाचं गाणं झालं. ओटिलिया गायली. तिला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तीस दिवस संपले त्या दिवशी वनाधिकारी मोहर न्यायला आला. ओटिलियानं त्याला भिंत दाखवली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच केलंत. शिडी लावून मुकुट उतरवला. वर्ख खरवडून निघेना, म्हणून चर्चच्याच आवारात, थडग्यांच्या मध्ये, लोखंडी कढईत मुकुट जाळला आणि राख पोत्यात भरून नेली. म्हणे राख धुतली की सोनं खाली राहतं. होय, राहतं. आमच्या गावाला ते शिकवू नका. श्टिना कढईकडे धावली तेव्हा शिपायानं तिला ढकललं, तिचं मनगट मोडलं. ओटिलियाला सूतकताईच्या तुरुंगात दोन वर्षं.

सुनावणीला मी होतो, दाराशी उभा. न्यायाधीशानं विचारलं, “मोहरेचं काय केलंस?”

“धर्मबापानं दिली होती, धर्मबापाच्या कर्तव्याला लावली.”

“सरकारांवर कसलंही कर्तव्य नव्हतं. तुला लेखी कळवलं होतं.”

“मग साहेब, त्यांना पोराला भाड्यानं द्यायचा हक्क कुठून आला?” तिनं विचारलं. “मला कळत नाही म्हणून विचारते. धर्मबाप म्हणून दिला, की मालक म्हणून? धर्मबाप असतील तर मुकुट द्या. मालक असतील तर माझी दोन पोती पिठाची पोर परत द्या. ते धर्मबाप आहेत असं समजून मी तिला मारलं.”

न्यायाधीशानं लेखनिकाला सांगितलं की हे लिहू नको. लेखनिकानं टाक खाली ठेवला.

म्हणून मी लिहिलंय. हे मी दाराला लावणार नाही, तुम्ही फाडाल. याच्या प्रती मी काढल्यात, आणि जिथे जिथे ओळीनं सातवा मुलगा झालाय त्या प्रत्येक घरी एकेक गेलीय. लिप्स हॉयब्लाइन कुठल्या तरी पाण्याखाली आहे, तुमच्या राखेमुळे आता वऱ्हाडाच्या दारातही ताटकळत आहे, आणि त्याची आई तुमच्या तुरुंगात सूत काततेय. तिच्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. नोंदवही आमच्याकडे उघडी ठेवली आहे, शाई आहे, टाक आहे. एकतर या आणि धर्मपित्याच्या जागेवरचं तुमचं नाव स्वतःच्या हातानं खोडा, आम्हा सगळ्यांसमोर. नाहीतर मुकुट घेऊन या.

दोन्हीपैकी काय करताय, बोला.